कॉलेजातली अर्धी नोकरी

माझा धाकटा भाऊ सोपान, त्याच्या पहिल्या मुलीचं बारसं औंढ्याला आमच्या घरी झालं, ते साल १९६५. बायका पाळणा बांधत होत्या तेव्हा सोपाननं सांगितलं, की पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजला शिकवायला माणूस पाहिजे आहे आणि तो अर्ज करतोय. पूर्ण नोकरी नाही. आठवड्यातून दोन दुपारी जायचं आणि डॉक्टर होणाऱ्या पोरांना पटकी म्हणजे कॉलरा, असले साथीचे रोग शिकवायचे. साथ कुठून येते, कशी पसरते, कुठं अडवायची. त्यांना नुसता पुस्तकी मास्तर नको होता, खेड्यात साथ हाताळलेला डॉक्टर हवा होता.

मारुतीदादा, आमचा थोरला भाऊ, भिंतीला टेकून ऐकत होता. तोही डॉक्टर. घरात आधी शिकला तो, जुन्या परवान्याचा डॉक्टर झाला आणि लोणावळ्याच्या बाजारात त्यानं दवाखाना घातला. सोपान मागून शिकला, पण मोठी डिगरी घेऊन आला आणि कामशेतच्या सरकारी दवाखान्यात साहेब झाला. मग बाजारातली माणसंसुद्धा दादाला विचारायची, मोठे डॉक्टर कधी येणार? वयानं मोठा दादा, आणि मोठे डॉक्टर म्हणजे सोपान. आईचंही तेच. आई दादाला ‘मारुती’ म्हणायची आणि सोपानला ‘डाक्टर’. तिच्या मनात काही नसायचं, पण ते ऐकलं की दादाचा घास हातातच राहायचा. मी नवऱ्याच्या माघारी आईपाशी राहत होते, म्हणून मला दिसायचं.

“मी पन अर्ज करतो,” दादा म्हणाला.

“कर की दादा,” सोपान म्हणाला. “मला बाराखडी तूच शिकवलीस. त्यांना पटकी शिकव.”

सगळे हसले. सोपान मायेनं बोलला होता. दादाला ते टोचलं. बारशाच्या घुगऱ्या आणि पेढे न घेताच तो लोणावळ्याला गेला.

कॉलेजनं दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं. प्रोफेसरांच्या समोर दोघांनी एकेक तास घ्यायचा आणि ज्याचा तास पसंत पडेल त्याला ठेवायचं, असं ठरलं होतं.

त्याच्या आधीच्या आठवड्यात औंढ्याच्या वरच्या वाडीत पटकी आली. वाडीतला कोंडू भर पावसात डोंगर उतरून दादाच्या दवाखान्यात गेला. त्याची बायको बाया उलट्या-जुलाबांनी पडली होती. दादा लगेच निघाला, त्यात त्यानं कसूर केली नाही. बाया वाचली नाही, पण बाकीच्या आजाऱ्यांना त्यानं सलाईन लावलं. मात्र वाडीची धडधाकट माणसं लसीची सुई टोचून घेईनात. आधी मरीआईचा गाडा शिवेवर सोडू, मग सुई, असं त्यांचं म्हणणं. दादानं मान्य केलं. लाकडी गाड्यात देवी, हिरवा चुडा, कोंबडी आणि आजाऱ्यांच्या अंगावरची कापडं. वाजतगाजत गाडा शिवेवर नेला, पोचवणाऱ्यांनी तिथंच अंघोळी केल्या आणि मागं न बघता घरी आले. मग सगळ्या वाडीनं निमूट सुई घेतली.

खाली येताना दादा आमच्याकडं थांबला. चिखलानं माखलेला, पण तोंडावर तेज. वाडीची साथ एकट्यानं कशी अडवली ते सांगत होता. देवीलाही दुखवलं नाही आणि सुईही टोचली, हेच पुण्याच्या पोरांना शिकवणार म्हणाला. आईनं सगळं ऐकून घेतलं.

“मंग डाक्टरला कळीवलं का?”

“मी कोन हाय मंग, आई?”

“तसं न्हवं रं. सरकारी पावडर त्याच्यापाशी असतीया.”

दादा उठला. कळवतो म्हणाला. विहिरीत टाकायची जंतू मारायची पावडर सोपानच्या दवाखान्यातूनच यायची. ती मागायची म्हणजे साथ सांगावी लागणार, आणि सांगितली की सोपान वाडीवर येणार, कागदावर सोपानचं नाव लागणार आणि पुण्यात तीच गोष्ट सोपान सांगणार. दादानं कळवलं नाही.

वाडीची शीव म्हणजे ओढा. तो ओढा आमच्या विहिरीला लागून खाली जातो आणि पावसाळ्यात त्याचं पाणी विहिरीत शिरतं.

तासाच्या दिवशी पहाटेच गावात तीन घरांत पटकी शिरली. तिसरं आमचं. आईच्या हातापायांत गोळे आले होते. भिमाजी आमच्या शेजारचा. तो सायकलवर कामशेतला पळाला. लोणावळ्याहून सुटलेली गाडी तेव्हा कामशेतला लागत होती आणि सोपान नवा कोट घालून फलाटावर उभा होता. दादा गाडीतच होता. भिमाजी सोपानशी काहीतरी बोलला, सोपान मागं वळला आणि धावत फलाटाबाहेर गेला. दादानं हे खिडकीतून पाहिलं. पुढं एकदा त्यानंच मला सांगितलं, “कशापायी गेला ते मला म्हाईत नव्हतं, शालू. पन तो चढला न्हाई, मला लय बरं वाटलं.”

पुण्यात दादाचा तास रंगला. गाड्याची गोष्ट सांगितली तेव्हा पोरांनी बाकं वाजवली आणि प्रोफेसरांनी तिथंच त्याला पसंत केलं.

संध्याकाळी तो पेढे घेऊन औंढ्याला आला. दारात चपला, चुन्याची फक्की, आत आईला सलाईन लावलेलं. त्यानं पेढे ठेवले आणि आईचा दुसरा हात धरून शीर शोधायला लागला. सोपान म्हणाला, दादा, एक लागलंय, दुसरं नको. दादा ऐकेना. आईच्या अंथरुणाशी दोघं डॉक्टर एकेक हात धरून बसले होते. मग सोपाननं विचारलं,

“वाडीचा गाडा कुटं सोडला?”

“शिवेवर.”

“शिवेवर कुटं, दादा?”

दादाला तेव्हा उमगलं. त्यानं आईचा हात खाली ठेवला. “वड्यात,” म्हणाला. सोपान उठला. पावडरीचं पोतं उचलून विहिरीकडं गेला.

दादानं ती अर्धी नोकरी सोडली नाही. बरीच वर्षं दर आठवड्याला गाडीनं पुण्याला गेला. सोपाननं पुन्हा कुठं अर्ज केला नाही. भावाभावांचं बोलणं राहिलं, पण कामापुरतं. कॉलेजात गाड्याची गोष्ट पुन्हा सांगितलीस का, असं मी दादाला कधी विचारलं नाही.

आमची आई, कस्तुराबाई, त्या १९६५ साली, पुण्यातल्या तासाच्या दुसऱ्याच दिवशी, श्रावण संपताना, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पटकीनं वारली.