इन्स्पेक्टर ड्यूटीवर येत नाही

"उतर खाली, मेल्या! फुकटचं खायची सवय लागलीये नुसती!"

मी ओरडत होते ते धुण्याच्या खोलीच्या पत्र्यावर बसलेल्या एका कुरव पक्ष्यावर. काळी पाठ, पिवळी चोच, एक पंख वाकडा. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, शेपटी वर केली आणि जे करायचं ते पत्र्यावरच केलं. त्याच पत्र्यावरचं पावसाचं पाणी आमच्या टाकीत येतं आणि तेच आम्ही पितो.

खाली रताळ्यांच्या वाफ्यात माझा मेहुणा वाकून उभा होता. पराटेने त्याचं नाव. हातात ब्रेड उचलायचा चिमटा.

"हे काय घेतलंयस?"

"अळ्या वेचतोय."

"हाताने वेच की!"

"शिंग असतं गं त्यांना."

"शेपटीला असतं, आणि ते टोचत नाही! जन्मभर दरडीच्या कडेने रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवलास, आणि बोटाएवढ्या अळीला घाबरतोस?"

"घाबरत नाही. लिबलिबीत लागते."

बरं, वेचलेल्या अळ्या मारायच्या ना? नाही. हा शहाणा त्या कुंपणापलीकडे फेकायचा. अंधार पडला की सगळ्या रांगत परत यायच्या आणि सकाळपर्यंत आणखी एक वेल देठापर्यंत साफ. हिरव्या, तपकिरी, गुबगुबीत. आमच्याकडे तिला आनुहे म्हणतात. लहानपणी आई सांगायची, रताळ्याला पानं नसली तर जमिनीत पोसायला काही उरत नाही, नुसत्या मुळ्या खणून काढाव्या लागतात. पराटेनेला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. बाग त्याची नव्हतीच. ती माझ्या धाकट्या बहिणीची, म्हणजे त्याच्या बायकोची, होरियानाची.

पत्र्यावरचा तो कुरव, इन्स्पेक्टर, तोही तिचाच. वादळानंतर किनाऱ्यावर पंख मोडलेलं पिल्लू सापडलं, ते तिने घरी आणून वाढवलं. आमच्या आजीच्या वेळी रताळ्यांच्या राखणीला कुरव पाळायचेच, तेव्हा नवीन काही नव्हतं. हा मोठा झाला आणि छाती काढून वाफ्यांतून फिरायला लागला, एकेक पान खालून तपासायला लागला, म्हणून नाव पडलं इन्स्पेक्टर. रोज सकाळी होरियाना फाटकाशी उभी राहायची आणि हाक मारायची, "इन्स्पेऽऽक्टर, ड्यूटीवर या!" की साहेब पत्र्यावरून टाकीवर, टाकीवरून कुंपणावर आणि कुंपणावरून वाफ्यात. तिच्या बागेत अळी औषधालाही सापडायची नाही.

गेल्या ईस्टरच्या आधी होरियाना गेली. तेव्हापासून साहेब पत्र्यावर.

एवढ्यावर थांबतं तरी मी गप्प बसले असते. पण तिला पुरून आल्यावर माराएच्या, म्हणजे आमच्या कुळाच्या सभाघराच्या, जेवणघरात, तीन खोऱ्यांतली माणसं जेवायला बसलेली असताना, हा बाबा, माझा मेहुणा, उठला. एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही तो. म्हणाला, "पुढच्या ईस्टरला तिचं वर्ष भरेल, थडग्याच्या दगडावरचं कापड काढू, तेव्हा परत या. त्या दिवशी होरियानाची रताळी खाल. तिच्याच बियाण्याची. दुकानातलं एक रताळं पानात दिसलं तर मला विचारा."

लोकांनी टेबलं बडवली. मी कपाळ बडवलं. माराएवर उभं राहून दिलेला शब्द आमच्यात परत घेता येत नाही. पाहुणे काही बोलत नाहीत हो, हसतसुद्धा नाहीत. फक्त लक्षात ठेवतात आणि नातवंडांना सांगतात.

आता फेब्रुवारी उजाडला होता आणि अर्धी बाग बोडकी.

मी गावातून फवारणीचं औषध आणलं. बाटली बघून पराटेनेचा चेहराच बदलला.

"हे परत ने."

"अरे, शब्द तू दिलायस की मी?"

"तिने कधी मारलं नाही. मी मारणार नाही. तिच्या दगडापाशी विषाची रताळी वाढू? आणि इन्स्पेक्टर मेलेल्या अळ्या खाऊन मेला म्हणजे?"

"तो जिवंत अळ्या खात नाही, मेलेल्या काय खाणार! माशांची डोकी घालून घालून लाडावून ठेवलायस त्याला!"

"मग उपाशी ठेवू?"

ठेवला. दोन दिवस. इन्स्पेक्टरने शेजारणीच्या ताटातलं सॉसेज पळवलं आणि ती मला बोलून गेली. पराटेनेला नाही, मला! ह्या घरात बोलणी खायला मीच उरलेय.

संध्याकाळी आम्ही मागच्या पायरीवर चहा घेऊन बसलो. कुंपणावरच्या पांढऱ्या फुलांशी तो मोठा पतंग आला. अळ्यांची आईच ती. करडे पंख, पोटावर गुलाबी पट्टे, फुलावर न बसता हवेतल्या हवेत थरथरत उभा राहतो आणि अंगाहून लांब जीभ फुलात घालतो.

"होरियाना ह्याला काय म्हणायची, माहितीये?" पराटेने म्हणाला.

"काय?"

"रिपेका."

रिपेका म्हणजे मी. अंगाहून जीभ लांब! मी चहा वाफ्यात भिरकावला. मेल्यावरसुद्धा ही बहीण मला सोडत नव्हती. मला हसू आलं आणि तिचा इतका राग आला की बोलायची सोय नाही. माझ्याआधी जायचं कारणच काय होतं तिला? धाकटी होती ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर शाळेच्या बसचा भोंगा वाजायला लागला तो थांबेचना. मी बाहेर येऊन बघते तर पराटेने वाफ्यांमधून चाललाय आणि डोक्यावर गुलाबी फितीची बायकी गवती टोपी. थेट होरियानाच्या टोपीसारखी. होरियानाच्या अंगावरचं, डोक्यावरचं सगळं तिच्याबरोबर मातीत गेलं होतं. मेलेल्या माणसाची वस्तू घरात ठेवत नाही आम्ही, मग डोक्यावर घालणं तर लांबच.

"कुठून आणलीस ती?" मी किंचाळले.

"नवीन आहे. गावातून आणली. तशीच मिळाली." तो थांबला नाही. "तो टोपीला ओळखत असेल, म्हटलं."

इन्स्पेक्टरने टोपी बघितली. मान तिरकी करून नीट बघितली. मग आमच्याकडे पाठ करून बसला.

आणि तेव्हा त्या धिप्पाड माणसाने, जो रस्त्यात आडव्या आलेल्या बैलालाही नुसत्या आवाजाने हाकलायचा, घसा खाकरला आणि बारीक, चिरका, बायकी आवाज काढला. "इन्स्पेऽऽक्टर, ड्यूटीवर या!"

बसमधली पोरं खिदळली. बस गेली. त्याने परत हाक मारली, परत तसाच आवाज काढला. तिसऱ्या वेळी घसा फाटला आणि तो खोकत बादली उलटी करून तिच्यावर बसला.

मला बघवेना. सगळ्यांचा राग आला. टोपीचा, पक्ष्याचा, त्याने उठून दिलेल्या त्या शब्दाचा. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. कारण एक गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक होती आणि दोघंही इतके महिने बोललो नव्हतो. मी नि होरियाना, आमचा आवाज एक. सख्ख्या आईलासुद्धा पाठमोरी असली की कळायचं नाही कोणी हाक मारली ते. फोनवर पराटेने माझ्याशी पाच-पाच मिनिटं बायको समजून बोलायचा. त्याने मला कधी म्हटलं नाही, तू हाक मार. मीही मारली नाही. तिची हाक माझ्या तोंडून निघाली तर ती गेलीच म्हणायची, असं काहीतरी माझ्या मनात बसलं होतं. मूर्खपणा सगळा.

मी फाटकाशी गेले. ती उभी राहायची तिथेच.

"इन्स्पेऽऽक्टर! ड्यूटीवर या!"

पत्र्यावर नखं वाजली. तो वळला होता. पण उतरेना.

मागून पराटेनेचा आवाज आला. "हळू."

"काय?"

"एवढं ओरडायची नाही ती. हळू म्हणायची. शेवट जरा वर न्यायची."

"आता माझ्या बहिणीसारखं बोलायला तू शिकव मला!"

पण मी श्वास घेतला आणि हळू म्हटलं. शेवट जरा वर नेला.

इन्स्पेक्टर टाकीवर आला. टाकीवरून कुंपणावर. मग धप्पकन वाफ्यात उतरला, छाती काढली आणि पहिलंच पान खालून वर करून एक गलेलठ्ठ अळी ओढून काढली. गटकन गिळली. पुढचं पान. मग त्याच्या पुढचं.

"आला बाबा एकदाचा! ईस्टरपर्यंत रोज यावं लागणार मला आता. माझे गुडघे बघ, माझं वय बघ," मी म्हणाले. "ऐकतोयस ना?"

पराटेने अजून बादलीवरच होता. टोपी काढून मांडीवर घेतली होती आणि तो जमिनीकडे बघत होता.

"परत एकदा," तो म्हणाला.

"कशाला? आलाय की तो!"

"माहितीये. परत एकदा म्हण."

ह्या माणसाचं काय करायचं, देव जाणे. मी फाटक धरलं आणि म्हटलं, हळू, ती म्हणायची तसं, "इन्स्पेऽऽक्टर, ड्यूटीवर या."

वाफ्यातल्या इन्स्पेक्टरने चोचीतल्या अळीसकट मान वर केली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. तो तर केव्हाचा आलेला होता.