खाऱ्या पाण्याला भ्यालेली गाडी

मी एक जुना ट्रक आहे आणि मला मासळीचा वास येतो. नाक दाबायचं असेल तर आत्ताच दाबा, मित्रांनो. मधेच दाबलंत तर मला राग येईल. तसा तो आलेलाच आहे. चौदा वर्षं सातपाटीच्या धक्क्यावरून मासळी वाहिली, आणि गेल्या महिन्यात बोईसरचा भंगारवाला आला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्या दारावर खडूने फुली काढून गेला. चहासुद्धा न पिता. फुली म्हणजे ‘हा आपला, शनिवारी न्यायचा’.

ही फुली कोणामुळे पडली, ते सांगणारच आहे. पण आधी माझं ऐका. भंगारात निघालेल्याचं कोणी ऐकत नाही, म्हणून मोठ्याने सांगतो.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी नुसता सांगाडा होतो. सहा चाकं, इंजिन आणि ड्रायव्हरला बसायला एक फळी. असाच उघडाबोडका पालघरला आलो. तिथे रामा सुताराने मला अंग दिलं. खाली सागाच्या फळ्या, वर पत्रा. रामा हाताचा चांगला, पण त्याने एक गोष्ट अर्धी सोडली आणि त्याबद्दल मी त्याला आजही माफ केलेलं नाही. बर्फ वितळून झालेलं पाणी बाहेर जावं म्हणून त्याने माझ्या तळाला मागे चार भोकं पाडली. त्या भोकांना खाली नळ्या लावायच्या होत्या. लावल्या नाहीत. ‘पाणी जातंय ना? मग झालं,’ म्हणाला. जात होतं, पण आधी माझ्या लोखंडी चेसिसवर आणि तिथून रस्त्यावर. मासळीचं खारट पाणी चौदा वर्षं एकाच जागी ठिबकतंय. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मला घेतलं विश्रामशेठने. तो होता तोवर माझी चैन होती. नारळी पुनवेला बोटींच्या आधी माझ्यापुढे नारळ फुटायचा. लोक म्हणायचे, सातपाटीची मासळी ताजी लागते ती विश्रामच्या गाडीमुळे. एका पावसाळ्यात शिरगावजवळ रस्ता पाण्याखाली गेला, तीन टेम्पो बंद पडले, आणि मी सरंगा, म्हणजे पापलेट, भरून, चाळीस बायका आणि त्यांच्या पाट्या पाठीवर घेऊन पालघरच्या बाजाराला वेळेत लागलो. तेव्हा बायकांनी माझ्या बॉनेटची अलाबला घेतली होती. आता त्याच बायका माझ्या धुराने खोकतात आणि शिव्या घालतात. खोकतात हे खरं आहे. मी धूर ओकतो, डिझेल पितो, उमरोळीचा चढ चढताना म्हाताऱ्यासारखा कण्हतो. मी काही साधुसंत नाही. माझी बाजू मांडताना खोटं बोलायची मला गरज नाही.

विश्रामशेठ गेला. गाडी त्याच्या बायकोच्या, रंभाबाईच्या हातात आली. बाई कडक. सकाळी धक्क्यावर उभी राहून एका नजरेत सांगते, कुठल्या बोटीचा माल कुठल्या पेटीत. पण माझी आंघोळ? मासळी उतरवली की मला खाडीवर उभा करायचा आणि खाडीचंच पाणी बादल्यांनी मारायचं. गोडं पाणी माणसांना पुरत नाही तिथे ट्रकला कोण देणार? पावसाळ्यात मासेमारी बंद असली की मी दोन महिने तसाच, अंगावर मीठ वाळवत उभा. त्या दिवसांत माझ्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. फिरकतं ते एकाच कामासाठी, टायरजवळ.

आणि मग रंभाबाईच्या मुलाच्या डोक्यात बॅटरी पेटली.

मुलगा भाग्येश. तारापूरच्या एका औषधाच्या कारखान्यात सुपरवायझर. हातात मोबाईल, तोंडात कारखान्याची भाषा. महिनाभर त्याने आईच्या कानाशी एकच टुमणं लावलं, ‘आये, डिझेलचे दिवस गेले. बिजलीची गाडी घे. झेपयान नावाची नवी कंपनी हाय, जुनी गाडी पन उचलतात.’ झेपयानचं दुकान बोईसरला निघालं होतं. त्याआधी त्याच गाळ्यात चष्मे मिळायचे. कंपनी दीड वर्षाची. मित्रांनो, माझा पुढचा डावा टायर त्याहून मोठा आहे.

रंभाबाईचा जीव मधल्यामधे अडकला. गाडी बदलली नाही तर मुलाचं टुमणं संपत नाही, आणि बदलून चुकली तर चाळीस बायकांचा माल उन्हात. बर्फाचं अर्ध्या तासाने पाणी होतं, मासळी एका तासाने वास मारते, आणि त्या बायकांची चूल त्या दिवशी पेटत नाही. गाडी हिची, पण पोटं सगळ्यांची. म्हणून ती म्हणाली, ‘मी आधी बगीन. मंग सांगीन.’ भाग्येशने मात्र बघायच्या आधीच कंपनीसाठी जुन्या गाड्या उचलणाऱ्या त्या भंगारवाल्याला बोलावून घेतलं. फुली त्याच्यामुळे पडली.

पुनवेच्या दिवशी सकाळी ती गाडी आली.

पांढरी. बगळ्यासारखी. दाराला गुलाबी रिबीन. आवाज म्हणून नाही. कंपनीचा माणूस विक्रम खाली उतरला, कराडकडचा तरणा गडी, इस्त्रीचा शर्ट. उतरल्या उतरल्या नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘अरे बापरे! हीच का ती एक्स्चेंजची?’

हीच का ती! माझा हॉर्न चालत असता तर तिथेच वाजवला असता. तो बिघडून पाच वर्षं झाली. आमचा ड्रायव्हर एकनाथ दारावर थापा मारून रस्ता मोकळा करतो.

बायका जमल्या. एकीने त्या पांढरीच्या पोटाला कान लावला. ‘अगो, आवाजच नाय! येते कवा नि जाते कवा, कळनार कसा?’

दुसरी म्हणाली, ‘म्हंजे तुज्या घोवासारकीच की!’

हशा झाला. मीसुद्धा हसलो असतो, पण दारावरची फुली खाजत होती.

विक्रम सुरू झाला. धूर नाही. खर्च नाही. एका चार्जमध्ये मुंबईला जाऊन परत. इंजिन नाही, म्हणजे दुखणं नाही. रंभाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मग तिने विचारलं, ‘बिगडली तर? तुमचा मिस्त्री कुटं बसतो?’

‘मावशी, सगळं ॲपवर आहे.’

‘ॲपवर बसतो?’

‘म्हणजे तुम्ही ॲपवर कळवायचं. अठ्ठेचाळीस तासांत माणूस येतो.’

‘दोन दिवस!’ एकनाथ म्हणाला. ‘काकी, तवर पापलेटचा खत होईल.’

भाग्येश चिडला. ‘एकनाथ, तू गप रे. नवीन गाडी बिगडत नाय.’

‘मी बी नवीन होतो तवा बिगडत नव्हतो, भाऊ,’ एकनाथ म्हणाला. मग त्याने उन्हाकडे पाहिलं आणि रंभाबाईला विचारलं, ‘काकी, आज पाणी कवा हाय?’

आणि त्या विक्रमने काय करावं? लगबगीने आपल्या गाडीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि एकनाथपुढे धरली. ‘घ्या ना दादा, माझ्याकडे आहे पाणी. थंड आहे.’

 मग त्या बायका अशा हसल्या की झाडावरचे कावळे उठले. एकनाथने बाटली घेतली, घोटभर प्यायला आणि म्हणाला, ‘गोड हाय. पन ह्याच्यात बोट नाय येनार.’

तुम्ही किनाऱ्याचे नसाल तर तुम्हालाही सांगतो. सातपाटीत ‘पाणी कवा हाय’ म्हणजे भरती किती वाजता आहे. आमचं सगळं या पाण्यावर चालतं. बोट पाणी चढलं की खाडीत शिरते. पाणी रोज पाऊण-एक तास पुढे सरकतं, तसं आमचं कामही सरकतं. आज दुपारी, आठवड्याने संध्याकाळी. घड्याळ बघून बॅटरी भरायला बसणाऱ्या गाडीने हा हिशोब कसा धरायचा, हे बोईसरच्या गाळ्यात कोणी विचारलेलं नव्हतं. चष्म्यांचं दुकान होतं तेच बरं होतं. निदान कोणाला तरी दिसायचं.

‘बारा-साडेबाराला पाणी,’ रंभाबाई म्हणाली. ‘उधान हाय.’ मग विक्रमकडे वळली. ‘पोरा, पाण्यात चालंल का रे ही?’

‘म्हणजे काय! दीड फूट पाण्यातून आरामात. चाचणी झालेली आहे, मावशी. कागदावर आहे.’

‘कंच्या पाण्यात?’

‘म्हणजे?’

‘कंचं पाणी? बाटलीतला का ह्यो?’ तिने हात लांब करून खाडीकडे दाखवलं.

विक्रम हसला. ‘मावशी, पाणी म्हणजे पाणी.’

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. एवढा शिकलेला माणूस, आणि कोळणीच्या दारात उभा राहून म्हणतो, पाणी म्हणजे पाणी. चौदा वर्षं ज्याचं हाड खाऱ्या पाण्याने खाल्लं, त्याच्या समोर म्हणतो.

रंभाबाईने वाद घातला नाही. पदर खोचला. ‘मंग चल. आज पुनवेचं उधान. धक्क्याच्या रस्त्यावर गुडघ्याच्या खाली पाणी येतं. माजी बोट लागंल. मी पेट्या भरते, तू गाडी घेऊन ये नि घेऊन जा. मी आत बसते तुज्या शेजारी. पार पडलं तर आजच सही.’

 भाग्येशच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याला वाटलं, जमलं.

विक्रमने रुमाल घडी करून खिशात ठेवला. पुन्हा काढला. ‘मावशी... ही डेमोची गाडी आहे.’

‘मंग?’

‘डेमोची गाडी खाऱ्या पाण्यात न्यायची परवानगी नाही.’

‘का नाय?’

‘खालच्या जोडण्यांत मीठ गेलं तर... म्हणजे होत काही नाही. पण झालं तर माझी नोकरी जाईल, मावशी.’

हेच! हेच ऐकायला मी तिथे उभा होतो. रंभाबाई त्याच्याजवळ गेली. आवाज चढवला नाही. ‘तुजी गाडी तू न्यायला भितोस. नि माजी करून मला रोज न्यायला सांगतोस?’

भाग्येशने मोबाईल काढला. वॉरंटीचा कागद त्याच्याकडे महिनाभर पडून होता. त्याने तो पहिल्या पानापुढे वाचला नव्हता. कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारा माणूस! आता उन्हात उभा राहून त्याने खालची बारीक अक्षरं वाचली. समुद्राच्या किंवा क्षारयुक्त पाण्याने झालेलं नुकसान कंपनी भरून देणार नाही. त्याने ते मोठ्याने वाचलं, मराठीत सांगितलं, आणि मान खाली घातली. एवढं मात्र त्याचं मानायला हवं. लपवलं नाही.

पांढरी गाडी आली तशीच गेली, आवाज न करता. शिरगावकडे वळताना रिबीन उडताना दिसली.

साडेबाराला मी पाण्यात उतरलो. धूर ओकत, कण्हत, चाकं निम्मी बुडालेली. पेट्या भरल्या, बायका चढल्या, मी वर निघालो. आता तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याने मैदान मारलं. नाही मारलं. चढावर मागून काडकन आवाज आला आणि मी एका अंगावर कललो. चाकावरचा स्प्रिंगचा पाटा धरून ठेवणारा लोखंडी कान चेसिसपासून तुटला होता. बरोबर तिथे, जिथे रामाच्या भोकांतून चौदा वर्षं पाणी ठिबकत होतं. बायका ओरडत उतरल्या. माल दुसऱ्या टेम्पोत चढवला, बर्फ कमी पडला, दोन पेट्या बोंबील वाया गेले. त्या भागी नावाच्या कोळणीच्या होत्या. तिने माझ्यासाठी जे शब्द वापरले ते मी इथे सांगणार नाही. पण ते मला लागू होते.

रंभाबाई चिखलात वाकली आणि माझ्या चेसिसवर बोट दाबलं. बोट आत गेलं. सुकटीसारखे पापुद्रे तिच्या हातात आले.

‘आये, मी सांगत होतो,’ भाग्येश पुटपुटला. ‘ह्याचे दिवस भरले.’

‘भरले नाय. आपन भरवले,’ ती म्हणाली. ‘त्या पोराला हसलो आपन, पाणी म्हंजे पाणी बोलला म्हनून. नि चौदा वरसं ह्याला खाडीनं धुतला. आपन तरी काय येगळं केलं?’

एकनाथ माझ्या मागच्या चाकाला दगड लावायला गेला. त्या बादल्या त्याच्याच हातच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मला पालघरला ओढून नेलं. रामा आता थकलाय, पण त्याला गादीवरून उठवून आणलं. रंभाबाईने त्याच्याकडून आधी ती भोकं मोजून घेतली, मग चार नळ्या लावून घेतल्या, जाडजूड, चेसिसच्या बाहेर टाकणाऱ्या. कान नवा जोडला. शनिवारी भंगारवाला आला तेव्हा तिने त्याला चहा पाजून परत पाठवला. फुली अजून दारावर आहे. पुसायची नाही, असं तिने बजावलंय. भाग्येशला रोज दिसावी म्हणून, आणि मला वाटतं स्वतःलाही.

विक्रमला तिने फोन करवला. ‘तुमची कंपनी नवी हाय, शिकंल. खाऱ्या पाण्यात उतरनारी गाडी केलीत की धक्क्यावर घेऊन या. मी हायेच इतं.’ मला राग आला. पण बाईचं बरोबर आहे. माझ्या धुराने तिची छातीही दुखते. माझ्याहून चांगली गाडी आली, उधाणात उतरली, वर चढून आली, तर मला खुशाल कापा. मी दार उघडून देईन.

तोवर माझं एकच मागणं आहे. गोडवे गाऊ नका, फुलं वाहू नका, नारळ फोडून खोबरं तुम्हीच खाता ते मला ठाऊक आहे. मासळी उतरली की दोन बादल्या गोडं पाणी तळाशी मारा. गेला महिनाभर एकनाथ मारतोय. पहिल्या दिवशी त्या पाण्यात इतका गंज वाहून गेला की रस्ता तांबडा झाला.

आणि तुम्ही, मित्रांनो, उद्या मोठे व्हाल, काहीतरी विकत घ्यायला जाल. गाळा चकाचक असेल, माणूस गोड बोलेल, पुढ्यात थंड बाटली ठेवेल. पिऊन घ्या. मग विचारा, ‘कंच्या पाण्यात चालते?’ आणि तो म्हणाला, पाणी म्हणजे पाणी, तर त्याला सांगा, पुनवेला बारा वाजता सातपाटीला ये. तुझीच गाडी घेऊन ये.