आतून की बाहेरून

बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत बारकीचा हात धरणारं कोणी नव्हतं. ओल्या कागदावर बियांच्या ओळी मांडायच्या, उबदार कपाटात ठेवायच्या आणि मुदत भरली की कोंब मोजायचे, हे काम ती इतक्या शांतपणे करी की शेजारच्या टेबलावरची माणसं आपोआप हळू बोलायला लागत. घरातलं शेंडेफळ म्हणून आईने तिला बारकी म्हटलं आणि ते नाव पाठोपाठ प्रयोगशाळेतही पोचलं. नवऱ्याने तर त्याचं बारकाबाई करून टाकलं होतं.

नवरा लिफ्ट बसवणारा. जन्म परदेशातला, पण आईबापांनी भाषा तेवढी सांभाळली होती. प्रयोगशाळेच्या इमारतीत नवी लिफ्ट बसवायला कंपनीने त्याला इकडे धाडलं आणि लिफ्ट चालू होईपर्यंत दोघांचं जमलं. नोंदणी करून लग्न झालं, आणि रजा संपली तसा तो परत गेला. फोनवर म्हणायचा, दिवसभर परक्या लोकांना वर नेतो आणि स्वतःच्या बायकोला एक मजला चढवता येत नाही. पहिल्या वेळी ती हसली होती.

त्याने इकडे यावं, हेही बोलून झालं होतं. पण त्याचा परवाना इकडे चालत नव्हता. चाळिशीला टेकलेल्या माणसाने पुन्हा शिकाऊ म्हणून पाने-पकडी उचलायला लागायचं, हे तिलाच पटेना.

राहिला तिने तिकडे राहायला जायचा अर्ज, आणि त्याचे दोन रस्ते. अशा अर्जांची कामं करणाऱ्या एका सल्लागारबाईंनी ते समजावून सांगितले. बाई दिवसातून दहादा हेच सांगत असाव्यात, कारण बोलताना त्या नखं बघत होत्या. एक, बाहेरून अर्ज. आपल्या घरी बसायचं, नोकरी करायची आणि निकालाची वाट बघायची. दीड वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. मधल्या काळात पाहुणी म्हणून जायलाही बहुधा परवानगी मिळत नाही. दुसरा, आतून अर्ज. पाहुणी म्हणून जायचं, तिथे पोचून अर्ज भरायचा आणि निकाल लागेतो नवऱ्याबरोबर राहायचं. नोकरी मात्र करायची नाही. आणि निकालाआधी देशाबाहेर पाऊल टाकलं, की अर्ज रद्द.

"म्हणजे कोणी आजारी पडलं तरी?" बारकीने विचारलं.

"कोणी आजारी आहे का?" बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं.

आई आजारी होती. एरवी खणखणीत, पण आठवणी चालल्या होत्या. आधी किल्ल्या, मग वार, मग शेजारणीची नावं. बाहेरून अर्ज केला तर ती आईजवळ राहणार होती, पण लग्न नुसतं फोनवर उरणार होतं. आतून केला तर नवरा मिळणार होता, आणि आई तिला ओळखते आहे तोवर परत येता येईल की नाही, एवढाच प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना अजून वर्षभर तरी ओळखतील. त्यापुढचं विचारू नका.

वर्षभर हा आकडा मिळाल्यावर बारकीला धीर आला. आकडा असला की तिला काम करता यायचं. अशा जोडप्यांचा इंटरनेटवर एक गट होता. अर्ज कधी भरला आणि मंजुरी कधी मिळाली, हे लोक तिथे आनंदाने लिहीत. तिने सगळे गोळा केले, ताळा करून पाहिला, सरासरी काढली. आतून अर्ज करणाऱ्यांना साधारण आठ महिने लागत होते. आठ महिन्यांत काम होणार, मग ती येऊन आईला भेटणार, आई ओळखणार, वर दोन-चार महिने हाताशी.

दादाला, तिच्या थोरल्या भावाला, हे पटलं नाही. त्याने सांगून पाहिलं की सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण सगळ्या सरकारांना लागू आहे, एकाला नाही. बारकीने त्याच्यापुढे तक्ता धरला. तक्ता वाचता येत नसल्यामुळे त्याने वाद सोडला. वहिनी एवढंच म्हणाली, की जा, मी आहे इथे. निघताना आईने तिला दारापर्यंत सोडलं आणि कुठे चाललीस हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिने खरं उत्तर दिलं, आणि तिन्ही वेळा आईला नव्याने वाईट वाटलं.

नवऱ्याचं घर दोन खोल्यांचं, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. पहिले काही आठवडे बरे गेले. तो ग्रीसचा वास घेऊन घरी यायचा, ती दार उघडायची, यातच दोघांचं पोट भरायचं. मग रिकामे हात खायला उठले. तिने त्याचे पाने मापाप्रमाणे लावून ठेवले, आणि त्याला एकही सापडेना. तो म्हणाला, "बारकाबाई, मला पसारा पाठ होता गं." रागाने नव्हता म्हणाला. पण त्या दिवसापासून तिने त्याच्या पेटीला हात लावला नाही.

आठ महिने झाले. नववा सरला. कार्यालयाला विचारलं की उत्तर यायचं, अर्ज विचाराधीन आहे. तिने मनाशी म्हटलं, सरासरी म्हणजे काही मुदत नव्हे, थोडं इकडेतिकडे होणारच.

मग एका दुपारी त्या गटात एका बाईने एक ओळ लिहिली. आतून अर्ज करून तिसरं वर्ष लागलं होतं, अजून काही नाही. कोणीतरी विचारलं, इतके दिवस लिहिलं का नाहीत? बाईने उत्तर दिलं, लिहिण्यासारखं काय होतं?

बारकीने ते वाचलं आणि तिला स्वतःचेच शब्द आठवले. प्रयोगशाळेत नवीन पोर आलं की ती त्याला पहिल्याच दिवशी दटावायची, की न उगवलेलं आधी मोज. उगवलेल्याच बिया धरल्या तर सगळंच बियाणं उत्तम ठरतं. आणि इथे तिने काय केलं होतं? ज्यांचं काम झालं त्यांनीच तारखा लिहिल्या होत्या आणि तिने त्यांचीच सरासरी काढली होती. ताटकळत बसलेल्यांनी अर्ज भरल्यानंतर काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून ते तिच्या हिशेबात नव्हतेच. मग ती एकेक नाव उकरत बसली. भरल्याची तारीख होती आणि पुढे काही नाही, असे लोक मंजुरीवाल्यांहून जास्त निघाले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याला आधी कळेना. मग तो बूट काढता काढता थांबला. "म्हणजे वर पोचलेल्यांना विचारलं की लिफ्टला किती वेळ लागतो. मधे अडकलेल्यांना विचारलंच नाही." ती मान हलवत राहिली. तो एका पायात बूट तसाच ठेवून तिच्या शेजारी येऊन बसला.

पुढल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. एरवी ती आईला स्क्रीनसमोर बसवून मागे व्हायची. या वेळी एकटीच होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आई हल्ली मला बारकी म्हणतात. आधी मी सांगायचे, आई, मी सूनबाई. मग त्या घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. आता मी ओ देते." ती रडायलाच आली होती. "तुझं नाव घेतलं गं मी. काय करू?"

बारकी म्हणाली, बरं केलंस.

रात्रीचं जेवण उरकलं. ताटं उचलताना तो म्हणाला, "जा तू."

"गेले तर अर्ज मेला."

"माहीत आहे."

"परत येऊ देतील याची खात्री नाही."

"नाही."

"आणि तिने ओळखलं नाही तर?"

त्याने ताटं खाली ठेवली. मग म्हणाला, "इथे बसून तर ती नक्कीच ओळखणार नाही. आपण पुन्हा भरू. बाहेरून. फक्त किती दिवस लागतील ते मोजू नकोस."

विमानतळावर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, अर्ज चालू असताना निघालात तर तो बंद होईल, कल्पना आहे ना? आवाजात दुष्टपणा नव्हता. ती हो म्हणाली, आणि त्याने शिक्का मारला. मागे वळून पाहिलं तर नवरा काचेपलीकडे हात वर करून उभा होता. त्याला ती दिसत नसावी, कारण तो भलतीकडेच बघत होता.

घरी पोचली तेव्हा दादा दारात होता. त्याने बॅग घेतली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती, केस विंचरलेले, साडी नीट. वहिनीने तिला छान ठेवलं होतं. बारकी समोर जाऊन बसली, हात हातात घेतला. आईने तो घेऊ दिला आणि परक्या माणसाशी बोलावं तशा गोड आवाजात विचारलं, "लांबून आलात का?"

"हो. लांबून."

"लग्न झालंय?"

"झालंय."

"आणि मालक?"

"ते तिकडेच आहेत."

आईच्या कपाळाला आठी पडली. "मग तुम्ही इथे काय करताय बाई? नवऱ्याला असं एकटं टाकू नये." मग जरा पुढे वाकून, कौतुकाने, हलक्या आवाजात तिने सांगितलं, "माझी धाकटी बघा. कुठे गेली नाही. इथेच राहिली माझ्यापाशी."

वहिनी दारात उभी होती. तिने तोंड फिरवलं.

"बारके," आईने हाक मारली, "पाहुण्यांना चहा टाक गं."

बारकी चटकन उठली. वहिनीही स्वयंपाकघराकडे वळली होती, ती जागीच थबकली.

"तुम्ही बसा हो," आई बारकीला म्हणाली. "ती करेल."

बारकी बसली.