पितळी ताट

शामलाच्या दुखण्याला तेव्हा नागपुरात नाव नव्हतं. तिशी उलटली तरी कुणाच्या डोळ्यांत बघून तिला बोलता येत नसे, गलका सोसवत नसे. शिलाई मात्र एकदम सरळ. आता कुठे कामाला लागली नाही, तर वहिनी तिला काटोलच्या मावशीकडे कायमची धाडणार होती. म्हणून थोरल्या भावाने, भैयाजींनी, मूकबधिर बायकांच्या शिवणवर्गाचं दार गाठलं.

"तोंड उघडू नको वं," त्यांनी दारातच बजावलं. "इथं तू मुकी-बहिरी हायेस."

आत शिवणयंत्रांची एकसुरी घरघर चालली होती. शामलाला ती फार आवडली. वर्गाच्या बाईंनी काहीबाही विचारलं. ती भिंतीकडे बघत गप्प राहिली. मग बाई तिच्या मागे गेल्या आणि त्यांनी पितळी ताट फरशीवर आपटलं. शामला कान दाबून खालीच बसली.

"बहिरी म्हणे," बाई भैयाजींना म्हणाल्या. "ढोंग बरं शिकवलंत."

"मी बहिरी नाही," शामला फरशीला म्हणाली. "मले जास्त ऐकू येते."

"जास्त ऐकू येणाऱ्यांची सोय नाही इथे. चला, उठा."

भैयाजींनी तिचं मनगट धरून तिला थेट बसस्टँडवर आणलं.

"एक ताट सोसवलं नाही तुले. जाय आता मावशीकडं, कपडे मागून धाडतो."

काटोलच्या बसचा भोंगा वाजला. शामलाने कान झाकायला हात उचलले. एकच उचलला गेला. दुसरा भावाच्या मुठीत होता.