वाचून दाखवा

तिसऱ्या साक्षीदाराचंही घोडं तिथेच अडलं. शिंपी देवाला नको ते बोलला, एवढं त्याने ठासून सांगितलं. नक्की काय बोलला, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा त्याने कान पकडले.

"ते माझ्या तोंडून वदवू नका, साहेब. माझीच जीभ झडायची."

आधीच्या दोघांनीही हेच केलं होतं. पिंजऱ्यातला शिंपी मान खाली घालून बोटांवरच्या सुईच्या खुणा पाहत होता. धर्माचा अपमान केल्याचं शाबित झालं तर तो तुरुंगात जाणार होता, आणि तो बोलला काय, हे कोर्टात अजून कुणी ऐकलंच नव्हतं. चोर पकडून आणायचा आणि चोरीला काय गेलं ते विचारायचं नाही, असला कारभार.

शिंप्याच्या वकीलबाई पिकल्या केसांच्या, कधी घाई न करणाऱ्या. त्यांनी आधी हा कायदा आला कुठून ते सांगितलं. फार पूर्वी राजे स्वतःला देवाची माणसं म्हणवायचे. देवाला बोललं की ते राजाला लागायचं, म्हणून जीभ छाटत. म्हणजे काळजी देवाची नव्हती, गादीची होती. पुढे परके राज्यकर्ते आले. त्यांना इथल्या देवांचं ना सोयर ना सुतक. लोक एकमेकांच्या उरावर बसू नयेत, म्हणून त्यांनी कलम लिहिलं. ते गेले, कलम राहिलं. मात्र मुद्दाम दुखवायचा हेतू असला तरच गुन्हा, ही अटही त्यातच होती.

"साहेब, हा कायदा दर वेळी भीतीतून जन्मला," वकीलबाई म्हणाल्या. "देव कधी घाबरला नाही, माणसं घाबरली. हेतू कळायला शब्द तरी ऐकू येऊ द्या."

न्यायाधीशांनी तक्रारअर्ज कारकुनापुढे सरकवला. "वाचून दाखवा."

या कारकुनाला सगळं कोर्ट 'नगारा' म्हणायचं. तो आरोप वाचायला लागला की व्हरांड्यातल्या गप्पा बंद पडत. घरी मात्र हा नगारा कधी वाजत नसे. माणूस देवभोळा. कागद हातात घेतला आणि त्याने आधी मनातल्या मनात देवाची माफी मागितली. पाप बोलणाऱ्याला लागतं की वाचणाऱ्यालाही, याबद्दल कलमात काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्याने वाचलं.

"तुला डोळे असते तर माझं लेकरू नेलं नसतंस. आंधळ्यापुढे हात कशाला जोडू?"

तिसरा साक्षीदार आपल्या चपलांकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि दुपारनंतर शिंप्याला सोडून दिलं. यात दुःख आहे, गुन्हा नाही, एवढंच त्यांनी निकालात म्हटलं.

कारकुनाला मात्र तो निकाल धड ऐकू आला नाही. हे बोल त्याच्या ओळखीचे होते. त्याची एकुलती एक मुलगी गेली, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बायको असंच काहीतरी बोलू लागली होती. त्याने तिच्या तोंडावर हात दाबला होता. 'हे पुन्हा या घरात ऐकायचं नाही,' असं बजावलंही होतं. देव आणखी काही नेईल, अशी भीती त्याला वाटली होती. बायकोने त्याचा शब्द पाळला, इतका, की मुलीचा विषयच घरातून गेला. आपणही एक कायदा केला होता आणि तोही भीतीतूनच, हे आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तो पिशवी न ठेवताच तिच्यासमोर बसला.

"दवाखान्यात तू बोलत होतीस ना, ते आज सांग."

तिची घडी अर्धीच राहिली. "आता कशाला उगाच? बरं नाही का वाटत तुम्हाला?"

"मी तोंड दाबलं होतं गं तुझं. पुरतं ऐकलंच नाही."

तिने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. बराच वेळ त्याच्या कडा सरळ करत राहिली. मग बोलायला लागली, आणि आधी मुलीचं नाव घेतलं.