राजाचं डावं हाड

पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवरचा कागद डॉक्टर प्रोद्रोमोसनी उचलला आणि चष्मा नाकावर सरकवून वाचला. नाव महापौरांचं होतं. शेजारच्या खुर्चीवर बिशपचं, त्याच्या पलीकडे टीव्हीवाल्यांचं. त्यांनी सगळे कागद जिथल्या तिथे ठेवले.

"अहो, आपली जागा तिसऱ्या रांगेत आहे," त्यांची बायको एवान्थिया मागून म्हणाली. "खांबाच्या बाजूला."

"खांबाच्या मागे म्हण."

"दिसतंय की सगळं. बसा आता, तोंड पाडू नका."

तोंड पाडू नका म्हणे! बत्तीस वर्षं या गावात लंगड्या आल्कोन राजाचं नाव निघालं की पाठोपाठ डॉक्टरांचं निघायचं. दोन हजार वर्षांहून जुनी ती हाडं त्यांनीच तपासली होती. डावं मांडीचं हाड उजव्याहून बारीक आणि आखूड होतं, त्यावरून त्यांनी पुस्तक लिहिलं होतं की राजाला लहानपणी पोलिओ झाला होता. शाळेतली पोरं ते घोकून परीक्षेत लिहीत. आणि आज ही मेल्पो, जिला हाड उजवं की डावं हे ओळखायला त्यांनी शिकवलं, ती अथेन्सहून कॅमेरे घेऊन येते काय, आणि व्याख्यानाला नाव देते काय, 'राजा खरंच का लंगडत होता?' त्या 'खरंच'नेच डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मेल्पो मंचावर आली तसे महापौर उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"तिच्या वयात मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं," डॉक्टर पुटपुटले.

"गप्प बसा हो. ऐकू जाईल."

भीतीही होतीच. भूकंपाच्या साली संग्रहालयातलं कपाट कोसळलं आणि पाच थडग्यांची हाडं एकमेकांत, धुळीत पडली. डॉक्टर आणि म्हातारा रखवालदार स्तेर्गिओस ती वेचत बसले. मेलेल्या माणसाची हाडं अशी मळलेली डॉक्टरांना बघवेनात. आपल्याकडे पुरलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी वर काढतात आणि वाईनने धुतात. आईची त्यांनी तशीच धुतली होती. घरून वाईन आणून त्यांनी राजाचीही धुतली, बाकीच्यांचीही. मग परातीकडे लक्ष गेलं. वाईन काळी झाली होती. हाडांवर शाईने घातलेले आकडे धुऊन निघाले होते. पुढे जे हाड जिथे शोभेल तिथे ठेवलं. बारीक मांडी राजाच्या खोक्यात शोभली, कारण जुन्या गोष्टींत राजा लंगडाच होता, आणि पुस्तक लिहिलं ते त्यानंतर. स्तेर्गिओस केव्हाच वारला. आता हे एकट्या डॉक्टरांना ठाऊक होतं.

पोरीने त्याच हाडावर काही नवं रचलं असेल तर एका वाक्यात तिला आडवी करता येईल, असं त्यांच्या मनात आलं. आपणही आडवे होऊ, पण ती आधी. असा विचार आल्याची त्यांना लाजही वाटली नाही.

पडद्यावर ते हाड आलं.

"हे राजाचं नाही," मेल्पो म्हणाली. "ही विशीतली बाई आहे. राजाचं डावं हाड शेजारच्या खोक्यात सापडलं आणि ते उजव्याला तंतोतंत जुळतं. पाय चांगले होते त्याचे. दुखणं पाठीत होतं."

तिने कमरेचे दोन मणके दाखवले, कडा कुरतडल्यासारखे. मणक्यांत जंतूचा डीएनए मिळाला होता. कच्च्या दुधाचा, ताज्या चीजचा ताप. ब्रुसेलोसिस.

डॉक्टर खांबाआडून पुढे वाकले. चाळीस वर्षं त्यांनी गावोगावच्या धनगरांचा हाच ताप नुसता पाठीवर हात ठेवून ओळखला होता. राजाची पाठ त्यांनी कधी नीट पाहिलीच नव्हती.

"पण बाळ, हाडांची अदलाबदल झाली कशी?" बिशपनी विचारलं.

मेल्पोची नजर खांबापाशी आली, क्षणभर थांबली आणि निघून गेली.

"हाडांत वाईनचे अंश सापडले. आपल्या आज्या धुतात तशी भूकंपानंतर कुणीतरी ती मायेने धुतली असणार. आकडे पुसले गेले. कुणाच्याही हातून झालं असतं."

लोक हळूच हसले. एवान्थियाने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

"वाचवलं हो पोरीने," ती कुजबुजली.

"तुला माहीत होतं?"

"वाईन कुणी दिली होती बाटलीत भरून?"

आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून डॉक्टर थांबले. पण आला तो राग. रोग तिच्या नावावर, राजा तिच्या नावावर, आता मनाचा मोठेपणाही तिच्याच नावावर. आणि यांच्या वाट्याला काय, तर 'कुणीतरी'!

ते खांब धरून उभे राहिले. एवान्थियाने कोट ओढला.

"अहो, बसा ना!"

"कुणीतरी नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज हवा होता त्याहून मोठा निघाला. "मी धुतली. आणि ती मांडी राजाची म्हणून मीच ठेवली."

टीव्हीवरची मुलगी वही घेऊन वळली.

"आपलं नाव, आजोबा?"

"डॉक्टर प्रोद्रोमोस हाजिसाव्वास," मेल्पोच माईकमध्ये म्हणाली. "मला हाडं यांनी शिकवली."

"तेही मीच सांगणार होतो," डॉक्टर तिच्यावर खेकसले, आणि कॅमेरा आपल्याकडे वळेपर्यंत खाली बसले नाहीत.