चारची परभणी

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, ताडकळसच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेल्या एका गावच्या बसस्टँडवरचा. तुम्हीही कधीतरी धापा टाकत माझ्याकडे बघितलं असेल. वेळ कळली की माझ्याकडे कुणी बघत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला सांगायचंय ते दुसरंच.

परभणीच्या एका सुताराने सागवानी फळ्या जोडून मला केलं. गोदामाई दंतमंजनवाल्या शेटजींनी मला स्टँडला फुकट दिलं. अट एवढीच की वरच्या अर्ध्या भागात त्यांची जाहिरात राहील. ती सूर्यभान पेंटरने रंगवली. पांढऱ्याशुभ्र दातांची हसरी बाई आणि शेजारी लाल अक्षरं. खालचा भाग काळा. तिथे कंट्रोलर माणिकराव रोज सकाळी खडूने गाड्यांच्या वेळा लिहीत.

सूर्यभान गावच्याच बौद्धवाड्यातला. बायको कुसुमबाई भाकरी घेऊन आली की तो ब्रशच्या दांड्याने तिला अक्षरं दाखवायचा. जाहिरात पुरी होईस्तोवर तिला अर्धी बाराखडी आली. उरलेली ती माझ्यावरूनच शिकली. पुढे बाजारच्या दिवशी बाया तिलाच विचारायच्या, "कुसुम, गंगाखेडची कवा हाय गं?" ती पदर सावरून वाचायची. तिनं सांगितलेली वेळ कधी चुकली नाही.

अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि माझ्याखालच्या बाकड्यावर माणसं वेगळंच बोलू लागली. एके दिवशी शेजारच्या गावचा बौद्धवाडा पेटवल्याची खबर आली. दुसऱ्या दिवशी बाराला केबिनमधला फोन वाजला. रस्त्यावर दगडफेक होती, एकही गाडी सुटणार नव्हती. माणिकराव ओलं फडकं घेऊन माझ्यापाशी आले.

"राहू द्या की, कंट्रोलरसाहेब," मागून आवाज आला. गावातले बडे जमीनदार, आबासाहेब. "पुसायची काय गरज पडली?"

"गाडी रद्द झालीय, आबासाहेब."

"ठावं हाय. म्हनूनच म्हनलं."

माणिकरावांच्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. मग त्यांनी ते खिडकीच्या गजावर वाळत घातलं, केबिनला कुलूप लावलं आणि सायकलवर बसून निघून गेले. माझ्यावर तसंच राहिलं: परभणी, दुपारी ४.

दोनच्या सुमारास कुसुमबाई सासूला, सरजाबाईंना, हाताला धरून घेऊन आली. सूर्यभान कामाला परभणीत होता; त्याच्याकडे जायचं होतं. हळूहळू वस्तीतली चौदा माणसं जमली. त्यांतले आश्रुबा म्हणाले, "कुसुम, मला ह्ये बराबर वाटंना. शिवारातून रेल्वे टेसनाला जाऊ. दोन तासाची वाट हाय."

"आत्याला चालवंना, मामा. अन् चारची हाय की. लिवलंय तिथं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वाचता एकटीलाच येत होतं. सगळी बसली.

मला ओरडता आलं असतं तर! पण लिहिलंय तेवढं दाखवणं, याखेरीज फळ्याला काही येत नाही.

चार वाजून गेले. गाडी आली नाही. बाजाराकडून माणसं आली, काठ्या-कुऱ्हाडी घेऊन. चेहरे ओळखीचे होते. रोज माझ्याकडे वेळ बघणारे. ज्यांना पळता आलं ते पळाले. सरजाबाईंना उठताच आलं नाही. कुसुमबाई त्यांच्यावर आडवी पडली, तिचा डावा हात मोडला. सरजाबाई माझ्या पायथ्याशीच गेल्या.

सकाळी माणिकरावांनी मला पुसलं आणि मोठ्या अक्षरांत 'रद्द' लिहिलं. तिसऱ्या दिवशी फौजदार आले.

"मी दुपारीच लिहिलं होतं, साहेब," माणिकराव म्हणाले. "या लोकांना वाचता येत नाही."

हात गळ्यात बांधून कुसुमबाई उभी होती. "चारची लिवलेली व्हती. म्या वाचली."

"तुला वाचता येतं?" फौजदार हसले. "मग ते वरचं वाच."

तिने मान वर केली. एकेक अक्षर लावत वाचलं, "गोदामाई... दंतमंजन. दिलखुलास... हसा."

शेजारी उभ्या सूर्यभानने तोंड फिरवलं. फौजदारांनी कागद पुढे केला. "अंगठा लाव."

"सही करते," ती म्हणाली.

सही झाली. पण कागदावर म्हणणं माणिकरावांचंच राहिलं आणि खटला कधी उभाच राहिला नाही. नवरा-बायको गाव सोडून परभणीला गेले.

माझ्यावर पुढे सायकलींच्या, बियाण्यांच्या जाहिराती चढल्या. कंट्रोलर बदलले. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. बाकड्यावर कुणीतरी ती बातमी मोठ्याने वाचली, दुसरं कुणी तिथून उठून गेलं.

त्याच उन्हाळ्यात आश्रुबा वारले, म्हणून कुसुमबाई आली होती. केस पिकलेले, हात वाकडाच. परतताना तिने मला वाचलं; तिचे ओठ हलताना मी पाहिले. मग ती खिडकीशी गेली.

"साहेब, परभणीची येनार हाय का?"

"वर लिहिलंय की, बाई."

"लिवलेलं दिसतंय. तिथून सुटली का, तेवढं फोन करून इचारा."

साहेब वैतागले. तिने चहावाल्याला विचारलं, मग एका प्रवाशाला. बाकड्यावर ती बसली नाही. गाडी दिसेपर्यंत भर उन्हात रस्त्यावर उभी राहिली.

परवा मला उतरवणार आहेत. माझ्या जागी दिव्यांची पत्र्याची पाटी येतेय. तिच्यावर लिहिणाऱ्यांनो, गाडी यायची नसेल तर येणार नाही असं लिहा, आणि लगेच लिहा. तिथली वेळ वाचून कुणीतरी बसून राहणार असतं.